उजव्या सीटवरचं पांढरं

१

फ्लाइंग क्लबात मला सगळे काचवाला म्हणतात. खरं तर बत्तीस वर्षं मी जे पुसत आलोय ती काच नाहीच, ते अ‍ॅक्रिलिक असतं. पण अ‍ॅक्रिलिकवाला म्हणून कुणी हाक मारली तर मीच वळून बघणार नाही. लहान विमानाच्या डोक्यावर जी अख्खी पारदर्शक टोपी असते, कॅनोपी, ती पुसायची, तिच्यातले ओरखडे काढायचे आणि आतून तिच्यात नको ते काही उमटणार नाही हे बघायचं, एवढंच माझं काम. पगार बेताचा आणि रुबाब सर्जनचा, असं माझी बायको म्हणते.

पुसायला बसण्याआधी घड्याळ आणि अंगठी काढायची. मग भरपूर पाणी आणि नुसता हात. फडकं लगेच नाही. वाळूचा कण बोटाला कळतो, फडक्याला कळत नाही. फडकं तो कण इमानेइतबारे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणतं. कण गेल्याची खात्री झाली की शंभरदा धुतलेलं मऊ सुती कापड घ्यायचं आणि हात सरळ चालवायचा, पुढून मागे. गोल चालवायचा नाही. गोल ओरखड्यात ऊन अडकतं आणि सूर्य समोर आला की पायलटला आकाशाऐवजी जाळं दिसतं.

हे झालं बाहेरचं. आतलं प्रकरण जास्त नाजूक. फुगीर कॅनोपीत चहूबाजूंनी ऊन येतं, आतल्या वस्तूंवर पडतं, आणि जी जी वस्तू उजळ असेल ती काचेत जाऊन बरोबर आकाशावर बसते. पॅनेलवर विसरलेला एक कागद म्हणजे समोर एक चौकोनी ढग. म्हणून पॅनेलच्या माथ्यावर काळं फेल्ट, सीटना गडद निळी कव्हरं, आणि स्क्रूंची डोकीसुद्धा मी काळी रंगवलेली आहेत. राहता राहिली माणसं. हँगरच्या दाराशी खिळ्यांवर सहा गडद निळे स्वेटर टांगलेले असतात. फिकट शर्ट घालून आलात तर आधी स्वेटर, मग विमान. भर उन्हाळ्यात लोक शिव्या घालतात आणि स्वेटरही घालतात. आमचा चीफ इन्स्ट्रक्टर या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण त्याला रेडिओची गरज पडत नाही असं आमचं मत आहे.

क्लबातल्या एका विमानाचं नाव बुडबुडा. दोन सीटचं, शेजारी शेजारी बसायचं, डोक्यावर मोठी फुगीर कॅनोपी. त्या रविवारी माझी बारकी बुडबुड्यातून पहिल्यांदा एकटी उडणार होती. बारकी म्हणजे माझी मुलगी. वय एकवीस, उंची माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त. पण घरात नाव पडलं ते पडलं.

गुरुवारी सकाळी मी तिच्यासाठी म्हणून बुडबुडा जरा जास्तच मन लावून पुसला. मग महिना-दीड महिन्यातून एकदा करतो तसं विमान बाहेर काढून नाक उन्हाकडे केलं, डाव्या सीटवर बसलो, कॅनोपी ओढून घेतली आणि नेहमीसारखी मान हळूहळू फिरवली. उजवीकडे, समोरच्या बाजूला, क्षितिजाच्या जरा वर एक पांढरट डाग होता. तळहाताएवढा असेल.

२

काचेतला डाग शोधायची माझी एक पद्धत आहे. काळ्या कापडाचा लहानसा तुकडा घ्यायचा, डोकं एका जागी ठेवायचं आणि आतली एकेक वस्तू त्या तुकड्यानं झाकत जायचं. जी वस्तू झाकल्यावर डाग विझेल ती गुन्हेगार. मग तिला काळं फासायचं. पंधरा मिनिटांत निकाल लागतो.

मी पॅनेल झाकलं. मग रेडिओ, होकायंत्र, थ्रॉटलची मूठ, कॅनोपीची कडी, पट्ट्यांची बकलं. सीटच्या शिवणीतून एक फिकट दोरा बाहेर आला होता, तो तोडला. मी स्वतः निळ्या स्वेटरमध्ये होतो, तरी हात मांडीखाली दडवले. गेल्या वर्षी पुढचे दोन दात नवे बसवलेत, म्हणून ओठ घट्ट मिटले. डाग जागचा हलला नाही.

कॅनोपी लावली की बाहेरचे आवाज एकदम उतरतात. हँगरच्या पत्र्याची कुरकुर, कुणाच्या हातून पडलेला पाना, सगळं लांब जातं आणि आपला श्वास तेवढा जवळ राहतो. मला हे फार आवडतं. जवानीत मी कितीतरी दुपारी काही काम नसताना आत जाऊन बसायचो. त्या दिवशी मात्र मी दोनदा श्वास रोखून ऐकलं, आणि का ऐकलं ते मला सांगता येणार नाही.

शेवटी वैतागून मी कापडाचा तुकडा धरलेला हात उजवीकडे नुसताच पसरला. उजवी सीट रिकामी होती. सीटच्या पाठीपासून हातभर पुढे, मोकळ्या हवेत माझा हात होता, आणि डाग विझला.

हात खाली घेतला, डाग आला. वर नेला, पुन्हा विझला. मी तो तुकडा वरखाली, आजूबाजूला सरकवत गेलो आणि त्या नसलेल्या वस्तूच्या कडा हवेत मोजून काढल्या. रुंदी साधारण दोन खांद्यांएवढी. वर गळ्यापर्यंत, खाली पोटापर्यंत. नीट पाहिलं तर डागाच्या मधोमध एक उभी रेघ होती, शर्टाच्या बटणपट्टीची असते तशी.

मी उतरलो आणि नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं. अ‍ॅक्रिलिक जाड असतं, त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून ऊन परततं, कधीकधी दुहेरी प्रतिबिंब पडतं, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय डोळे तपासून घ्यायला झाले होतेच. दोन्ही कारणं चांगली होती आणि मी दुपारभर ती आलटून पालटून वापरली.

३

आता मास्तरांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी एकोणीस वर्षांचा असताना या क्लबात उडायला शिकत होतो. हो, मीसुद्धा. तेव्हा हँगर एकच होता, त्याच्या पुढचं गवत सकाळी ओलं असायचं आणि पायांना पेट्रोलचा वास लागून यायचा. मास्तर आम्हाला शिकवायचे. उंच, किडकिडीत, कायम कडक पांढरा शर्ट, आणि विमानात चढताना त्यावर निळा स्वेटर. स्वेटरचा नियम त्यांचाच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बुडबुड्यात बसवून विचारलं, “काय दिसतं?” मी म्हटलं, “आकाश.” ते म्हणाले, “चूक. काचेत आधी आतलं दिसतं. ते ओळखायचं, वजा करायचं, उरेल ते आकाश.” इतकं सोपं करून मला कधी कुणी काही शिकवलं नव्हतं. माझे वडील भले होते, पण मला कुणासारखं व्हायचंय हे तेव्हा मला विचारलं असतं तर मी मास्तरांकडेच बोट दाखवलं असतं.

त्या सकाळी मी लायसन्ससाठी फोटो काढून थेट फोटोग्राफरकडून क्लबात आलो होतो. आईनं इस्त्री केलेला पांढरा शर्ट अंगात होता. मास्तर एका कामासाठी बुडबुडा घेऊन निघाले होते, मला म्हणाले, “येतोस?” मग शर्टाकडे बघून, “स्वेटर?”

“इस्त्री मोडेल हो मास्तर.”

ते हसले. “बरं बाबा, राहू दे. नवरदेव निघालाय आमचा.”

ते डावीकडे, मी उजवीकडे. ऊन डाव्या अंगानं समोरून येत होतं आणि सरळ माझ्या छातीवर पडत होतं. मास्तरांच्या बाजूनं बघितलं तर काचेचा उजवा भाग माझ्या शर्टानं भरून गेला असणार. त्या पांढऱ्यातून एक घार आली. आवाज असा झाला की मला वाटलं इंजिनच फुटलं. कॅनोपीचा पुढचा भाग गेला, वारा आत घुसला आणि मास्तरांच्या चेहऱ्याची उजवी बाजू रक्तानं भरली. ते ओरडलेसुद्धा नाहीत. एक हात डोळ्यावर दाबून म्हणाले, “वेग वाच. मोठ्यानं.” मी आकडे वाचत गेलो, चाकं जमिनीला लागेपर्यंत वाचत गेलो, आणि त्यांनी ते विमान उतरवलं.

डोळा गेला. चौकशीत मास्तर म्हणाले, “ऊन होतं.” शर्टाबद्दल अवाक्षर नाही. मी मान हलवली. त्यानंतर मी उडालो नाही. कॅनोपी नवी आली ती बसवायला मदत केली, आणि मग तेच माझं काम होऊन बसलं. मास्तर क्लबाचं ऑफिस बघू लागले, जमिनीवरचे वर्ग घेऊ लागले. बारकी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. त्यांना आजोबा म्हणायची. खुर्चीत बसून दोन गुडघ्यांत झाडूचा दांडा धरून विमान चालवायला त्यांनीच तिला शिकवलं, तेव्हा ती सहा वर्षांची होती. गेल्या वर्षी ते झोपेतच गेले. शर्टाचं मी बारकीला कधी सांगितलं नाही, तिच्या आईलाही नाही.

४

शुक्रवारी मी भोंग्याला पकडलं. त्याला डाव्या सीटवर बसवलं, कॅनोपी लावली आणि स्वतः बाहेर उभा राहिलो. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग त्यानं कॅनोपी वर केली.

“आहे की डाग. तुझा शर्ट असेल.”

“मी निळ्यात आहे.”

“मग ढग असेल.”

आकाशात ढग औषधाला नव्हता. भोंग्यानं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काचवाल्या, लेकीचा सोलो म्हणून तुझी पाचावर धारण बसलीय. माझीही बसली होती माझ्या पोराच्या वेळी. जा, चहा पी.” तो हे कुजबुजत बोलला असावा, कारण फक्त धावपट्टीपर्यंतच ऐकू गेलं.

मला बरं वाटायला हवं होतं. दुसऱ्यालाही दिसतं म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. पण मला बरं वाटलं नाही. दुसऱ्यालाही दिसतं म्हणजे ते तिथं आहे.

दुपारी बारकी आली. मी शक्य तेवढ्या सहज विचारलं, “बुडबुड्याच्या काचेत तुला काही दिसतं का गं? उजवीकडे?”

“तो पांढरा ना?” ती सफरचंद खात होती. “महिना झाला असेल. मला वाटलं तुम्हाला माहितीय.”

“महिना झाला आणि बोलली नाहीस?”

“अहो बाबा, सर शेजारी बसले की नसतो तो. मी आधी जाऊन एकटी बसते ना, चेकलिस्ट करायला, तेव्हाच असतो. सर आले की जातो. सरांपुढे कोण टिकणार?” ती हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. “काय झालं?”

“काही नाही. नीट पुसतो.”

तिच्या पूर्ण शिकवणीत भोंगा उजवीकडे बसलेला होता. रविवारी पहिल्यांदा ती सीट रिकामी जाणार होती. बरोबर त्या कोपऱ्यात, जिथून घार आली होती, माझ्या लेकीच्या आकाशाचा एक तुकडा झाकलेला राहणार होता. सोलोला शेजारी कुणी बसवता येत नाही. बसवलं तर तो सोलोच नव्हे.

५

शनिवारी सकाळी मी उजव्या सीटवर जाऊन बसलो. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. पुसायचो तेसुद्धा मी बाहेर पंखावर गुडघे टेकून, आत वाकून.

हवेत गारठा होता. कॅनोपीजवळ गेलो तेव्हा उजव्या बाजूनं आतून वाफ धरलेली दिसली, डोक्याच्या उंचीवर, बशीएवढी. डावी बाजू स्वच्छ होती. रात्रभर बंद असलेल्या विमानात दव धरतं, हे मला माहीत आहे. कधी या बाजूला धरतं, कधी त्या. मी बोटानं पुसलं आणि आत बसलो.

पट्टा बांधायला घेतला तर बकल पोहोचेना. उजवा पट्टा नेहमी भोंग्याच्या मापावर सोडलेला असतो, आणि भोंग्याचं पोट हा क्लबातला एक मान्यवर विषय आहे. माझ्यासारखे दोन जण त्या पट्ट्यात मावले असते. आज तो आवळून आवळून इतका लहान केलेला होता की एखाद्या काटकुळ्या मुलाच्या कमरेलाच बसावा. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं उड्डाण भोंग्याचंच होतं. मी भोंग्याला विचारलं नाही. पट्टा सैल करून बांधला.

मी बाहेर बघितलं. या बाजूनं डागबिग काही नव्हतं. उजवीकडचं आकाश लख्ख, कोपऱ्यापर्यंत मोकळं. लांबची झाडं, त्यांच्यावर फिरणारे पक्षी, एकेक पक्षी मोजता यावा असा. मी पटकन उतरलो.

संध्याकाळी घरी बारकी स्वैपाकघराच्या ओट्याला टेकून सोलोची प्रक्रिया तोंडपाठ म्हणत होती आणि तिची आई कागद धरून तपासत होती. मी म्हटलं, “उद्या नको.”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

“त्या डागाचं कारण मला माहितीय,” मी म्हटलं. आणि मग सगळं सांगून टाकलं. फोटो, इस्त्री, स्वेटर, नवरदेव, पांढऱ्यातून आलेली घार. सांगताना रडलो. बायकोनं कागद खाली ठेवला. आजोबांचा तो मिटलेला डोळा बारकीनं लहानपणी बोटानं किती वेळा चाचपला असेल.

“एकोणीस वर्षांचे होता तुम्ही,” ती शेवटी म्हणाली. “आणि त्यांनीच राहू दे म्हटलं होतं.”

“पण तो शर्ट आहे तिथं अजून. मी वेडा नाही.”

“वेडे नाही आहात. पण मी जाणार. आजोबा असते तर म्हणाले असते, ओळख, वजा कर, उरलं ते आकाश.” ती माझ्याजवळ आली. “सीटला काळं कापड बांधू. आणि उजवीकडे मी मान पुढे घालून बघत जाईन. चालेल?”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. बत्तीस वर्षांचं ओझं असं एका संध्याकाळी उतरेल असं मला वाटलं नव्हतं. त्या रात्री मी गाढ झोपलो आणि त्याची मला अजून लाज वाटते.

६

रविवारी ऊन स्वच्छ होतं. मी स्वतः उजवी सीट काळ्या कापडानं झाकली आणि त्यावरून पट्टा ताणून बांधला. बारकी निळा स्वेटर घालून आली. डावीकडे बसली, मान पुढेमागे करून बघितली आणि मला अंगठा दाखवला. डाग आहे का हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मी कॅनोपी लावली. कडी खट्‌ वाजली.

तीन चकरा मारायच्या होत्या. विमानतळाभोवती चौकोनी फेरी, उतरायचं, पुन्हा उठायचं. मी आणि भोंगा गवताच्या कडेला उभे होतो, भोंग्याच्या हातात रेडिओचा सेट. पहिली चक्कर सुंदर झाली. दुसरी त्याहून सुंदर. भोंगा म्हणाला, “मास्तरांचा हात आहे पोरीत,” आणि मला फार अभिमान वाटला.

तिसऱ्या चकरेला ती उठली, डावीकडे वळली आणि आमच्या समोरून लांबून उलट दिशेनं जाऊ लागली. वळताना विमान कललं होतं, कॅनोपीचा आतला भाग क्षणभर आमच्याकडे उघडा झाला. डावीकडे निळं होतं. उजवीकडे पांढरं. काळ्या कापडाच्या जागी, गळ्यापासून पोटापर्यंत पांढरं, आणि त्याच्यावर आणखी काहीतरी, फिकट, जे उजवीकडे वळलेलं होतं. मग विमान सरळ झालं आणि काचेवर नुसतं ऊन राहिलं.

“तुला दिसलं?” मी भोंग्याला विचारलं.

“काय?”

त्याच वेळी बुडबुडा एकदम डावीकडे कोसळल्यासारखा झुकला. भोंग्यानं सेट तोंडाशी नेला, पण त्याच्याही गळ्यातून आवाज निघाला नाही. विमानाच्या उजव्या अंगानं, पंखाच्या अगदी जवळून, काहीतरी तपकिरी मागे निघून गेलं. त्यानं एकदा पंख मारले. मग ती घार शांतपणे वर चढत गेली.

रेडिओवर बारकीचा आवाज आला, जरा चढलेला, पण घट्ट. “पक्षी होता. ठीक आहे. उतरते.”

ती उतरली. अगदी नीट उतरली. मी धावलो. भोंगा मागून काय काय ओरडत होता, शाबासकी असावी. मी पंखावर चढून कॅनोपी उघडली. उजव्या सीटवर काळं कापड होतं तसं होतं, पट्ट्याखाली, एकही सुरकुती न पडलेलं. बारकी इंजिन बंद करून हात मांडीवर ठेवून बसली होती.

“बघितलीस तू तिला,” मी म्हटलं. “बाई गं, वेळेवर बघितलीस.”

“मी नाही बघितली.” ती समोर बघत होती. “मला कोपऱ्यात काहीच दिसत नव्हतं, सगळं पांढरं होतं. मग त्या पांढऱ्याच्या वर चेहरा आला. काचेत. तुमचाच होता बाबा. घरातल्या त्या फोटोतल्यासारखा, मिशी न फुटलेला.”

मी उजव्या सीटवरच्या कापडाकडे पाहिलं.

“तो उजवीकडे बघत होता. टक लावून. तोंड उघडं होतं, पण बोलत नव्हता. म्हणून मी तो बघतोय तिकडे बघितलं.” आता तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला घार दिसली होती.”

भोंगा पंखाशी येऊन पोहोचला होता, त्याला यातलं काही कळलं नाही. तो पोरीचं कौतुक करत राहिला. मी पंखावर खाली बसलो.

हो. दिसली होती. माझ्या बाजूनं काच स्वच्छ होती. ती कितीतरी लांब असल्यापासून मी तिला बघत होतो. मास्तर, उजवीकडे, एवढंच म्हणायचं होतं. पण मास्तरांना काही चुकत नसे. त्यांना दिसली नसेल असं माझ्या मनातही आलं नाही, आणि आलं तेव्हा वाटलं, आपण कोण त्यांना सांगणारे. वेळ होता. दहापर्यंत मोजता आलं असतं. त्यानंतर बत्तीस वर्षं मी स्वतःच्या मनाशी शर्टालाच पुढे करत आलो, कारण शर्टाला त्यांनी स्वतः राहू दे म्हटलं होतं.

“हो,” मी म्हटलं.

बारकीनं पट्टा सोडला, पण उठली नाही. “मला तुमचा चेहरा काचेत दिसला बाबा. मी जिथं बसलेय तिथंच आजोबा बसले होते. त्यांनाही दिसला असेल.”

मास्तरांनी शेवटच्या क्षणी मान उजवीकडे वळवली होती. समोर बघत राहिले असते तर घार कानशिलाला लागली असती, डोळा राहिला असता. त्यांनी मान का वळवली हे चौकशीत त्यांना कुणी विचारलं नाही, आणि वळवली होती हे मी कुणाला सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी काम संपलं की मास्तर आणि मी हँगरच्या पायरीवर बसून चहा प्यायचो. तीस वर्षं. चहा संपला तरी ते लगेच उठत नसत. कप बाजूला ठेवून, उरलेला डोळा माझ्याकडे करून, जरा वेळ गप्प बसून राहायचे. मला वाटायचं, दमलेत.